जुने टाकावे काय?

जालन्यात भंगार वितळवून पोलादाच्या सळया घडतात. त्यामुळे जुनी वस्तू मोडीत देताना आपले मन सहसा कचरत नाही. परंतु घरातील जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर काढून नवा आणावा काय, हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. जुने यंत्र तापते, वीज अधिक घेते. तथापि निकामी व्हॉल्व्ह खोबणीतून काढून दुसरा बसविता येतो. नव्यात अनेकदा संपूर्ण सर्किटच बदलावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. मात्र जुन्याचा हव्यास हीसुद्धा आसक्तीच होय. सुटे भाग मिळेनासे झाले, विजेचा धोका उद्भवला, तर बदल करणे हेच शहाणपण. शेजाऱ्याने नवा घेतला म्हणून बदलणे हा निव्वळ मत्सर. वस्तू आपली सेवा करते की आपण वस्तूची, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.