इरर आला नाही म्हणे!

उभा राहा. तिथं मागं नाही, इथं फळ्याजवळ ये आणि तुझ्या प्रोजेक्टमधला पावसाचा तक्ता मोठ्यानं वाच. सोनपेठ मंडळ, जूनचा एकूण पाऊस. आवलगाव मंडळ, जूनचा एकूण पाऊस. मग शेळगाव, मग वडगाव. वाचलंस? सगळीकडं एकच आकडा. दशांशचिन्हाच्या पुढचा अंकसुद्धा तोच!

अरे, तू याच तालुक्यात वाढलास ना? आपल्याकडं जूनचा पाऊस बांध बघून पडतो. एका शिवारात ओढा भरून वाहतो आणि पलीकडच्या शिवारात लोक बियाण्याच्या पिशव्या घरात ठेवून आभाळाकडं बघत बसतात. त्या पावसानं यंदा सगळ्या मंडळांत मापून सारखी हजेरी लावली, हे तुला खटकलं नाही? उलट तू रंगीत स्तंभालेख काढलास, सगळे स्तंभ एका उंचीचे, आणि खाली निष्कर्ष लिहिलास, ‘तालुक्यात पर्जन्याचे वितरण समान आढळले.’ हे वाक्य तुझ्या आजोबांना वाचून दाखव. काठी घेऊन मागं लागतील.

विचारलं तर म्हणतोस, ‘सर, इरर तर आला नाही.’ इरर कधी येतो? तू लिहिलेलं यंत्राला करता आलं नाही तर. तुझं वाक्य त्याला कळलं, त्यानं ते इमानानं पाळलं, फक्त ते वाक्यच भलतं होतं, तर इरर कुणी द्यायचा?

आणि दुरुस्तीचे तुझे प्रकार काय? आधी यंत्रावरून आर ही भाषाच काढून टाकलीस आणि पुन्हा टाकलीस. मग मित्राच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. तिथंही तेच उत्तर आलं म्हणून तुझी खात्री पटली की उत्तर बरोबरच आहे! मग कुणाच्या तरी कोडमधल्या ओळी उचलून मध्ये घातल्या. त्यातली एक ओळ काय करते ते मी विचारलं, तर तू खिडकीबाहेर बघितलंस. एकदा तरी फंक्शनच्या आत डोकावून पाहिलंस का, की तू पाठवलेलं मंडळाचं नाव आत पोचतं तरी की नाही?

नाही पोचत. फळ्याकडं बघ. तुझं फंक्शन दोन गोष्टी घेतं, पावसाचा तक्ता आणि मंडळाचं नाव. त्या दुसऱ्या गोष्टीला तू नाव दिलंस ‘मंडळ’. तक्त्यातल्या स्तंभाचं नावही ‘मंडळ’च. आणि आत ओळी निवडणाऱ्या ‘सबसेट’ला सांगितलंस, जिथं मंडळ बरोबर मंडळ असेल त्या ओळी दे. सबसेटची रीत अशी की अटीतलं प्रत्येक नाव आधी तक्त्याच्या स्तंभांत शोधायचं आणि तिथं नसेल तरच बाहेर बघायचं. डावीकडचं मंडळ स्तंभात सापडलं, उजवीकडचंही स्तंभातच सापडलं. तुझ्या ‘आवलगाव’ला कुणी विचारलंच नाही. प्रत्येक ओळीतलं मंडळ स्वतःशीच ताडून पाहिलं गेलं, ते जुळणारच, आणि सगळ्या ओळी परत आल्या. तू ज्याला आवलगावचा पाऊस म्हणतोस ती तालुक्यातल्या सगळ्या मंडळांची बेरीज आहे. तुझ्या फंक्शनला मी मंडळ म्हणून नुसतं ‘अबक’ पाठवून पाहिलं. अबक मंडळातही तेवढाच पाऊस झालाय!

ही एक चाचणी. दहा सेकंदांचं काम. ती तुला सुचली नाही, आणि स्तंभाला निळा रंग द्यायचा की हिरवा यावर दोन दिवस घातलेस.

सबसेटच्या मदतपानावर स्पष्ट इशारा आहे की ही सोय हातानं काम करताना वापरायची, फंक्शन लिहिताना चौकटी कंसच बरे. ते पान किती जणांनी उघडलंय? वाटलंच. आता घाईघाईनं चौकटी कंस लावून मोकळे होऊ नका, तिथं वेगळा खड्डा आहे. मंडळाचा रकाना एखाद्या ओळीत रिकामा असेल तर सबसेट ती ओळ गुपचूप गाळतं, चौकटी कंस मात्र तिच्या जागी पूर्ण रिकामी ओळ हातात देतात, आणि मग बेरीज ‘एनए’, म्हणजे ‘माहीत नाही’, अशी येते. ते आलं की लगेच ‘एनए काढून टाक’ असं लिहायचं नाही. रकाना का रिकामा राहिला ते आधी बघायचं. पर्जन्यमापकाची नोंद झालीच नाही आणि पाऊस शून्य पडला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दुसरं. हे अधिक वाईट आहे, कारण यात लोकांच्या पोटाचा प्रश्न येतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांची, मदतीची गोष्ट तिथून सुरू होते. हे तुमच्या घरात पोराटोरांनाही माहीत आहे. तू ‘सीमा’ नावात ६५ ठेवलंस, पण कुठं? फंक्शनच्या बाहेर, मोकळ्यावर. फंक्शनला ते हातात दिलंच नाहीस. नंतर त्याच बैठकीत पावसाचे दिवस मोजायचे होते. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पावसाचा दिवस, म्हणून ‘सीमा’ २.५ केलीस. मग अतिवृष्टीचं फंक्शन पुन्हा चालवलंस. त्यानं बाहेर बघितलं, सीमा २.५ दिसली, आणि भुरभुर पाऊस झालेला प्रत्येक दिवस अतिवृष्टीत जाऊन बसला. याच्यावरून कुणी अर्ज केला असता तर तहसीलमध्ये हसले असते, आणि खरोखरची अतिवृष्टीही त्या हसण्यात वाहून गेली असती.

नाव कुठं शोधलं जातं, याचा नियम पुन्हा सांगतो. वाड्याच्या माजघरात उभं राहून ‘बापू’ अशी हाक मारली तर घरातला बापू ओ देतो. घरात कुणी बापू नसेल तर वाड्यातला, तिथंही नसेल तर गल्लीतला, शेवटी गावातला. आर तेच करतं, पण ज्यांना हे पाठ आहे तेही पुढच्या मुद्द्यावर घसरतात. फंक्शनचं घर म्हणजे ते जिथं लिहिलं गेलं ती जागा, जिथून त्याला बोलावलं ती नव्हे. अ फंक्शननं ब फंक्शनला बोलावलं म्हणून अ च्या पोटातली नावं ब ला दिसत नाहीत. तुम्ही अर्धे लोक ‘सर, आत तर ठेवलं होतं’ म्हणून रडत येता ते याच्यामुळं.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी ‘एस’ ही भाषा सुरू केली. त्यात फंक्शनच्या आत नाव सापडलं नाही की थेट ग्लोबलमध्ये उडी. पुढं ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर रचलं तेव्हा दिसायला ते एससारखं ठेवलं, पण नाव शोधण्याची रीत स्कीम भाषेकडून घेतली. म्हणून फंक्शनमध्ये लिहिलेलं फंक्शन आपल्या जन्मस्थळाची नावं बरोबर घेऊन फिरतं. एवढी चांगली सोय तुमच्या हाती आहे, आणि तुम्ही सगळं उघड्या मैदानात मांडून बसता. वर दुहेरी बाण वापरून आतून बाहेरचं बदलता. ज्यानं तो दुहेरी बाण लावलाय त्यानं मला येऊन सांगायचं की का लावला. ‘चालत नव्हतं म्हणून’ हे कारण मी ऐकणार नाही.

आणि ‘माझ्याकडं तर चालतंय सर’, हे वाक्य या वर्गात आजपासून बंद. चालतंय कारण बंद करताना आर विचारतं, वर्कस्पेस जतन करायचं का, आणि तुम्ही लग्नातल्या आग्रहाला मान द्यावा तसं ‘हो’ म्हणता. मागच्या महिन्यातली सगळी नावं दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कोडमध्ये जी ओळ तुम्ही केव्हाच पुसली तिचं उत्तर अजून जिवंत असतं. माझ्या यंत्रावर तुझं कोड पहिल्याच झटक्यात ‘सीमा सापडत नाही’ म्हणून थांबलं. तो इरर आला हे तुझं नशीब.

हसू नकोस गं, खिडकीजवळची. तुझी तक्रार होती की आर इंग्रजीत काहीतरी ‘क्लोजर’बद्दल ओरडतं. तू तक्त्याला नाव दिलंस ‘डीएफ’, आणि फाइल वाचायची ओळ चालवायला विसरलीस. तक्ता नाही, मग डीएफ कोण? आरमध्ये त्या नावाचं फंक्शन आधीपासून बसलंय, एफ वितरणाची घनता काढून देणारं. तू त्या फंक्शनकडं पावसाचा स्तंभ मागत होतीस. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलीला एफ वितरण दारात येऊन उभं राहिलं तरी ओळखू येऊ नये!

सी शिकलेल्यांचे हात वर झालेच. ‘सर, कंपायलर असता तर पकडलं असतं.’ अर्धं खरं आहे. जाहीर न केलेलं नाव सीचा कंपायलर आत घेत नाही, कारण तो प्रत्येक नावाची वही ठेवतो, कुठलं नाव कुठल्या कंसात जन्मलं आणि कुठं संपलं. पण बाहेर ‘सीमा’ असताना आत दुसरी ‘सीमा’ जाहीर केलीस, तर तो ब्रही काढत नाही. जीसीसी या सीच्या कंपायलरमध्ये त्या सावलीसाठी वेगळा इशारा मागावा लागतो. ‘वॉल’ लावलं म्हणजे सगळे इशारे आले, असं समजणाऱ्यांनी लिहून घ्या, हा इशारा त्यात नाही. जुन्या फोर्ट्रानमध्ये तर नावाचं स्पेलिंग चुकलं की नवं नाव जन्माला यायचं, म्हणून ‘इम्प्लिसिट नन’ लिहायची पद्धत पडली. पायथनमध्ये फंक्शनच्या आत कुठंही एकदा नावाला किंमत दिलीत की ते नाव त्या फंक्शनभर स्थानिक ठरतं, वरच्या ओळीतसुद्धा. आणि आरलाही कंपायलर आहे बरं का. २०१७ च्या ३.४.० पासून तो न सांगता कामाला लागतो. तो तुमचं फंक्शन बाइटकोडमध्ये बदलतो, पण ‘सीमा’ कुठून येणार हे तुम्हाला विचारत बसत नाही, कारण ती उद्याही जन्माला येऊ शकते. हे तपासायला ‘कोडटूल्स’ आहे. त्यातलं ‘फाइंड ग्लोबल्स’ तुमच्या फंक्शनवर चालवा, ते बाहेरून काय काय उसनं घेतंय याची यादी समोर येईल. यादीत बेरीज, सरासरी असली आरची फंक्शनं दिसतील, ती असू देत. ‘सीमा’ दिसली की दारं बंद करायची.

इरर आल्यावर हाकांची साखळी दाखवणारं ट्रेसबॅक तुम्हाला माहीत आहे, पण वाचता येत नाही. आरमध्ये सगळ्यात शेवटची हाक सगळ्यात वर असते. तुमचं स्वतःचं फंक्शन खाली कुठंतरी असतं आणि तुम्ही वरची ओळ बघून पॅकेज लिहिणाऱ्याला नावं ठेवता. शिवाय याच्यासारखा इरर न येणारा घोळ असेल तर ट्रेसबॅकचा काडीचा उपयोग नाही. तिथं फंक्शनच्या आत ‘ब्राउजर’ ठेवून थांबायचं, कुठली नावं हजर आहेत ती बघायची, सबसेटच्या आधी ओळी किती आणि नंतर किती हे मोजायचं. दोन्ही आकडे सारखे दिसले असते तर तुझा प्रश्न तिथंच सुटला होता. एक सावधगिरी, ब्राउजरमध्ये ‘एन’ टंकलं की ते पुढच्या ओळीवर जातं. नमुन्याच्या आकाराला एन म्हणायची तुम्हाला खोड आहे, तेव्हा तो बघायचा तर प्रिंट लिहून बघा.

गप्प. अजून झालं नाही. ग्रंथालयात पानसे आणि सुखात्मे यांचं शेती संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक आहे, १९५४ चं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पीक कापणीच्या पाहणीत फार छोटे प्लॉट घेतले तर उत्पादन फुगून दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. कारण काय, तर प्लॉटच्या कडेवरची झाडं मोजणारा माणूस आत धरतो. कडेवरचं झाड आत की बाहेर, एवढाच प्रश्न, आणि प्लॉट जितका लहान तितकी ही कड जड. त्यांच्याकडं ना आर होतं, ना इरर. आकडा जास्त येतोय हे त्यांना खटकलं आणि ते कडेला जाऊन बसले. तुझ्या फंक्शनची कड कुठं आहे, हे तुला अजून सांगता आलेलं नाही.

सोमवारी अकराच्या आत नवं कोड माझ्या टेबलावर. आर रिकामं उघडायचं, जुनं काही परत येता कामा नये, ‘व्हॅनिला’ लावून चालवायचं. फंक्शनला जे लागतं ते सगळं कंसातून आत गेलेलं दिसलं पाहिजे, सीमासुद्धा. मंडळाच्या नावाला स्तंभाचं नाव नको. आधी दोन मंडळांच्या तीन-तीन ओळी हातानं वहीत मांडायच्या, बेरीज हातानं करायची, मग फंक्शनची बेरीज तिच्याशेजारी लिहायची. ‘अबक’ मंडळाचा पाऊस शून्य आला पाहिजे. आणि तो निष्कर्ष खोडून आण.