थर कुठे द्यावा

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत रद्दी सगळीच्या सगळी विकली जात नसे. वर्तमानपत्रं, वह्यांची उरलेली पानं, जुन्या लग्नपत्रिका असा एक गठ्ठा बाजूला निघे आणि बादलीत भिजत पडे. कागद पार गळला की पाणी पिळून काढायचं, लगदा उखळात कुटायचा, त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या घालायच्या आणि पालथ्या घागरीच्या पाठीवर ओलं फडकं पसरून त्यावर तो सारखा थापायचा. मेथ्यांनी लगदा चिवट होतो आणि त्यांच्या कडूपणाने टोपलीला कीड लागत नाही, असं बायका सांगत. उन्हं चांगली लागली की टोपली घागरीवरून अलगद सुटून येई. मग तिला चुना किंवा काव. कुणी वर जुन्या लुगड्याचा काठ चिकटवी, कुणी लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती कापून लावी. आत डाळ राही, शेवया राहत, लसणाच्या गड्ड्या राहत. आज चित्रकलेच्या वर्गात ज्याला मिश्र माध्यम म्हणतात, ते काम लातूर-नांदेडच्या अंगणांत असं चालत आलेलं आहे.

त्या टोपलीच्या तळाशी निरखून पाहिलं तर चुन्याखालून एखादं छापील अक्षर डोकावतं. कुठल्या बातमीतलं, कुठल्या साली छापलेलं, कळत नाही. अर्धा ‘क’, एखादी वेलांटी. मला त्या टोपलीत सगळ्यात जिवंत जागा ती वाटते. बाकी सगळीकडे थर पोचला, तिथे पोचला नाही.

कागदावर थर देण्याचं काम मी करते तेव्हा मनात हाच विचार घोळतो. थर देणं सोपं आहे. कागदावर कागद, त्यावर कापड, त्यावर रंग. हात थांबतच नाही. कठीण असतं ते थर कुठे द्यायचा नाही हे ठरवणं. साचा त्यासाठी असतो. नक्षी काढण्याची युक्ती म्हणून आपण तो हातात घेतो, पण साच्याचं खरं काम झाकण्याचं आहे. तो कागदाचा बराचसा भाग आपल्या अंगाखाली घेतो आणि म्हणतो, इथे नको, फक्त एवढ्याच खिडकीतून ये.

हे शहाणपण आपल्या दख्खनच्या कागदाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अबरीचा कागद बऱ्याच जणांनी जुन्या हिशेबाच्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर पाहिला असेल, ढगांसारख्या रंगांच्या लाटा असलेला. घट्टसर चिकट पाण्यावर रंग तरंगत सोडायचे, काडीने हलवायचे आणि वरून कागद टेकवून तो रंग उचलून घ्यायचा. फारसी भाषेतल्या जुन्या कृतींमध्ये हे पाणी घट्ट करायला मेथ्यांचा बुळबुळीत अर्क सांगितलेला आहे. आमच्या टोपलीतल्याच मेथ्या. औसा, उदगीर, कंधारचे किल्ले ज्या शतकात सुलतान आणि मोगल यांच्या ओढाताणीत हात बदलत होते, त्याच सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी या कागदात एक धाडस केलं. कागदाचा काही भाग साच्याने किंवा डिंकाने झाकायचा आणि उरलेल्या जागेवरच अबरी उठू द्यायची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १६२५ च्या आसपासचं असं एक चित्र आहे. बरगड्या वर आलेला घोडा आणि त्याच्यावरचा स्वार. पाण्यावरच्या लाटांचा रंग आणि चित्रकाराची काटेकोर आकृती, दोन्ही एकाच कागदावर आहेत आणि एकमेकांची हद्द ओलांडत नाहीत. लाट तर कुणाच्या ताब्यात राहत नाही. तिला थांबायला लावलं ते झाकलेल्या जागेने.

मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. शाळेत कागदावर पिंपळाचं पान ठेवून, रंगात बुडवलेला दात घासायचा ब्रश कंगव्यावर घासून ज्यांनी शिंतोडे उडवले आहेत, त्यांना पान उचलतानाचा क्षण आठवत असेल. रंग सगळीकडे पडलेला असतो, आणि जिथे पडला नाही तिथेच पान दिसतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका गुहेच्या भिंतीवर कुणी तरी आपला हात ठेवून त्याभोवती लाल रंग फवारला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्या ठशाचं वय किमान ३९,९०० वर्षं ठरवलं. तो हात रंगवलेला नाही. हाताच्या भोवतीचा दगड रंगवलेला आहे. त्या माणसाचं एवढंच उरलं, आणि ते उरलं झाकल्यामुळे.

आपल्याकडे साचा रोज कामाला जुंपलेला दिसतो तो मोंढ्यात. लातूर ही तुरीची आणि डाळ मिलांची पेठ. तिथे काय किंवा नांदेडच्या मोंढ्यात काय, तागाच्या पोत्यावर मार्का मारताना कधी उभं राहून पाहावं. पत्र्यात कोरलेली अक्षरं पोत्यावर ठेवायची, रंगात बुडवलेला बोळा किंवा ब्रश वरून फिरवायचा, पत्रा उचलायचा, पुढचं पोतं. पत्र्यातल्या देवनागरीकडे जरा बारकाईने पाहा. ‘व’चं पोट गोल कापून काढलं तर आतला तुकडा गळून पडेल, म्हणून तिथे पत्र्याची एक बारीक पट्टी धरून ठेवलेली असते. शिरोरेघही सलग कापता येत नाही. कापली तर पत्रा वाकतो, म्हणून मध्येमध्ये तिला खंड दिलेला असतो. उमटलेल्या अक्षरांत ते खंड दिसतात, आणि तरी वाचणारा अडखळत नाही. मी स्वतः साचे कापायला लागले तेव्हा हे मी कुठल्या पुस्तकाआधी पोत्यांवरून शिकले. आतला तुकडा बाहेरच्या चौकटीला कुठे तरी धरलेला राहिला पाहिजे.

तागाचं पोतं एकदा वापरून फेकून देत नाहीत. ते पुन्हा भरलं जातं, पुन्हा त्यावर नवा मार्का पडतो. एखादं जुनं पोतं उन्हात पसरलेलं दिसलं तर त्यावर निळ्या अक्षरांवर लाल, लालवर काळी अशी वस्ती दिसते. कुणी मुद्दाम केलेली नाही. पण नव्या अक्षरांच्या फटींतून जुनी अक्षरं वाचता येतात, कारण साचा फटी ठेवतो. ब्रशने सगळं पोतं रंगवून वर लिहिलं असतं तर त्या पोत्याचा आधीचा प्रवास बुजून गेला असता.

थराबद्दल बोलताना या भागातल्या माणसाला एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर माती. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. पाऊस गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी वर नवी माती टाकायची ही रीत. बाप टाकायचा, मुलगा टाकू लागला. जुनी खरवडून काढावी असं फारसं कुणाच्या मनात येत नसे, कारण प्रत्येक थर काळजीपोटी दिलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. भिंतींचे दगड सुटले आणि पिढ्यांची ती माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. भूकंपानंतर इंजिनिअर मंडळींनी जी कारणं मांडली, त्यांत मातीत बांधलेल्या दगडी भिंतींच्या जोडीला त्या छपरांचं वजनही होतं.

हस्तकलेच्या ओघात हे लिहिताना हात जड होतो. पण लातूरच्या मातीत राहून थरांचं केवळ कौतुक करणं मला जमणार नाही. थर जपतो हे जितकं खरं, तितकंच थराला वजन असतं हेही खरं. कागदसुद्धा हे सांगतो. ओल्या थरावर दुसरा थर दिला की पुठ्ठा वाकतो, जाड लेप वाळताना तडकतो, आणि एका मर्यादेनंतर खालचा कागद वरच्याला पेलत नाही. दोघं मिळून सुटून येतात. मायेने दिलेला थर आहे म्हणून तो हलका होत नाही.

त्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सारख्या अंतरावर सारखी घरं. गावावर कुणी तरी वरून एक साचा ठेवला होता, आणि घाईच्या त्या दिवसांत दुसरं काही करणंही अवघड होतं. आज तिशी उलटलेल्या त्या वस्त्यांतून चालत गेलं तर घरं सारखी राहिलेली दिसत नाहीत. कुणी पुढे ओसरी काढली, कुणी गुरांसाठी पत्र्याचं शेड टाकलं, कुणी चुलीला कोपरा केला, तुळस आली, रंग आले. साचा एक आणि त्यावर माणसांनी आपापल्या गरजेपुरते दिलेले थर. अंगणात दिले, भिंतीला टेकून दिले, डोक्यावर पुन्हा माती चढवली नाही. गाव पुन्हा गाव झालं ते यातून.

मला वाटतं, ‘कुठे द्यायचा नाही’ हा प्रश्न आज आपल्या शहरांतल्या मुलांच्या बाबतीतही विचारण्यासारखा आहे. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत अकरावी-बारावीला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला खेड्यापाड्यांतून मुलं येतात. मुखेडचं, देगलूरचं, अहमदपूरचं, निलंग्याचं पोर एका खोलीत दोघा-तिघांसोबत राहतं आणि त्याच्यावर भराभर थर चढतात. धडे, चाचण्या, पुन्हा चाचण्या. हे थर आवश्यक आहेत. त्यावरच त्याच्या घरादाराच्या आशा आहेत, आणि त्या आशांना कमी लेखायचा मला अधिकार नाही. पण त्या थरांखालचं काही उघडं ठेवलं आहे का? ते पोर घरी ज्या बोलीत बोलतं ती, वेळा अमावस्येला शेतात कडब्याच्या कोपीपुढे बसून खाल्लेली भज्जी आणि प्यायलेलं आंबील, त्याला येत असलेलं एखादं भजन, हातातली एखादी कला. थोडीशी जागा झाकून ठेवावी लागते, नाही तर तीही रंगून जाते.

म्हणून सुट्टीत घरी आलेल्या मुलाला किंवा मुलीला मी रद्दीतल्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायला सांगेन. घरोघरी त्यांचे गठ्ठे असतातच. जाड पुठ्ठ्यावर त्या फाडून चिकटवाव्यात. कात्रीने कापू नये, फाटलेली कड कागदात मुरते आणि कापलेली कड वरून दिसत राहते. डिंकात थोडं पाणी घालावं. हा थर पूर्ण वाळू द्यावा, मराठवाड्याच्या उन्हाला त्यासाठी फार वेळ लागत नाही. त्यावर पातळ पांढरा रंग असा द्यावा की खालचे प्रश्न अर्धवट वाचता येतील. पोतासाठी तागाचे सुटे धागे, चाळलेली वाळू, तुरीचं टरफल, जे घरात असेल ते. आणि मग साचा. जुनी एक्स-रे फिल्म यासाठी फार चांगली. गरम पाण्यात साबणाने घासली की ती पारदर्शक होत जाते, ब्लेडने सुबक कापली जाते, पाण्याने खराब होत नाही. तिच्यावर काय कापायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. कुणी आपल्या गावच्या वेशीची कमान कापेल, कुणी बैल, कुणी गोदावरीचा घाट, कुणी आजीच्या लुगड्याच्या काठावरची नक्षी. आतले तुकडे बाहेरच्या चौकटीला धरून राहतील एवढ्या पट्ट्या मात्र ठेवाव्यात.

साच्यातून द्यायचा लेप घरी करता येतो. खडूची पूड आणि फेव्हिकॉल, श्रीखंडाइतका घट्ट. पातळ झाला तर तो साच्याच्या कडेखाली शिरतो आणि आकार बिघडतो. एका हाताने फिल्म घट्ट दाबून धरावी आणि खेळातल्या जुन्या पत्त्याच्या कडेने लेप एकाच दिशेने ओढावा, पुन्हा पुन्हा नाही. जाडी नाण्याएवढी पुरते. फिल्म तिरकी ओढू नये, सरळ वर उचलावी. आणि उचलल्याबरोबर पाण्यात टाकावी, कारण कडांना लेप वाळला की पुढच्या वेळी रेघ जाड येते.