गैरहजर शेजारी

घर बांधताना आपण कोणाची परवानगी घेतो? ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची, असे उत्तर सहज येईल. परंतु आपण घातलेल्या भरावामुळे ज्याच्या दारात पाणी शिरणार आहे, त्याला कोणी विचारीत नाही. नकाशा मंजूर होतो त्या वेळी तो कचेरीत नसतो. कित्येकदा त्याचा जन्मही झालेला नसतो. बांधकाम-परवान्याचा नैतिक अर्थ मला येथेच दिसतो. अधिकारी सही करतो ती या गैरहजर शेजाऱ्याच्या वतीने. ती सही वशिल्याने किंवा पैशाने मिळविणे म्हणजे त्या शेजाऱ्याची खोटी संमती तयार करणे होय.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात : पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामास सामान्यतः मनाई असते. दोन रेषांमधील पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच ठेवण्याच्या अटीवर परवानगी मिळते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र फसवे आहेत. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्यांचा अर्थ. तेथे तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत ती जवळजवळ चारात एक होते. कोल्हापूरला पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले.

जमिनीखालच्या टाकीचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो दिसत नाही. सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यातून मातीत मुरते. ही माती कोरडी असेल तरच ते गाळले जाते. पूरपट्ट्यात पावसाळ्यात भूजल वर आले की ते पाणी न गाळताच विहिरीकडे सरकते. पूर चढला तर टाकीतील मैलाच बाहेर पडतो. मग कावीळ आणि जुलाब येतात, आणि ते टाकी बांधणाऱ्याच्याच घरी येतील असे नाही.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेल्यास रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. पुढच्याच अध्यायात छावणीबाहेर मैला पुरण्याची व्यवस्था सांगितली आहे. वाळूवर घर बांधणाऱ्याचा प्रभूचा दाखला आपल्याला अधिक परिचित. पण त्यातील मूर्खाचे स्वतःचेच घर पडले. आजचा शहाणा मनुष्य भराव घालतो, जोते उंच करतो, त्याचे घर टिकते आणि पाणी पलीकडच्या वस्तीत जाते. ‘माझ्यापाशी परवाना होता,’ हे त्याचे उत्तर न्यायालयात कदाचित पुरेसे ठरेल.

येथे एक अडचण उरते. निळ्या रेषेच्या आत राहणारे पुष्कळजण उंचावरची जागा परवडत नाही म्हणूनच तेथे आहेत. त्यांना परवाना नाकारणे योग्य. पण दुसरी जागा न देता नाकारले, तर ते तेथेच राहतात, परवान्यावाचून आणि टाकीवाचूनही. मिशनच्या जुन्या आवारांतील जमीन विकण्याचे ठराव मंडळ्यांपुढे येतात, तेव्हा किमतीची चर्चा बारकाईने होते. ती जमीन पूररेषेच्या वर आहे काय, आणि नदीकाठच्या चार कुटुंबांना तेथे आणता येईल काय, हा विषय सहसा कार्यसूचीवर नसतो.