चोचीतला तुकडा



बढती घ्यावी की नाकारावी, हा प्रश्न बँकेतल्या कारकुनापुढे कधी ना कधी येतोच. माझ्यापुढे तो १९९२ साली आला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि अधिकारी म्हणून बढतीचं पत्र हातात पडलं. नेमणूक दुसऱ्या राज्यात होती. कारकुनाला ओव्हरटाइम मिळतो, घराजवळची शाखा मिळते. अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नाही, बदली देशात कुठंही, आणि कागदावर शेवटची सही त्याची. त्याच वर्षी रोखे घोटाळा बाहेर आला होता, त्यामुळे सही म्हटलं की आमच्या पोटात गोळा यायचा.

मी नकार लिहून दिला. विचारणाऱ्यांना सांगितलं, "दर पौर्णिमेची नृसिंहवाडीची वारी चुकेल हो. महाराजांच्या पायाशी आहे तेच बरं. खुर्चीचा मोह कशाला?" आळीतली माणसं मला विरक्त म्हणू लागली. ते मला आवडलं, हे आज कबूल करतो.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत एक कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्यानं तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. नाथमहाराजांची याच स्कंधावरची टीका आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाचली जाते. ती वाचताना मी स्वतःला तोच पक्षी समजत असे.

पण हिशेब जुळेना. पक्षी सुखी झाला, मी कुठं झालो? सर्क्युलर आलं की मी आधी बढत्यांची यादी बघायचो. माझ्यामागून नोकरीला लागलेला एक जण आमच्याच शाखेत अधिकारी होऊन आला. त्याच्यापुढे व्हाउचर सहीला ठेवताना घशाला कोरड पडायची. घरी येऊन मी हिच्यावर चिडायचो. एकदा ती शांतपणे म्हणाली, "अहो, वारीचं नाव का घेता? तुम्ही सहीला भ्यालात. भिणं काही पाप नाही. पण ते महाराजांच्या नावावर कशाला टाकता?"

मी कॉमर्सचा माणूस, मला लगेच कळलं. रक्कम भीतीची होती आणि मी ती वैराग्याच्या खात्यात जमा केली होती. तुकडा चोचीतून सुटला होता, पण मनात तसाच धरलेला होता.

मग नकार चुकला का? तसंही म्हणवत नाही. आईचे गुडघे गेले होते. तिची शेवटची आठ वर्षं मी तिच्याजवळ होतो. पण नकार देताना आई माझ्या मनात नव्हती. ते फळ मिळालं, त्याचं श्रेय मी घेऊ नये.

गेल्या श्रावणात मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, बढती देताहेत. पण घरी यायला रोज रात्र होणार. काय करू?" तोंडाशी जुनंच वाक्य आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "पगार आणि हुद्दा घडीभर बाजूला ठेव. नाही म्हणालास, तर ज्याला ती मिळेल त्याचं मोकळ्या मनानं अभिनंदन करशील का? आणि हो म्हणालास, तर उद्या खुर्ची गेली तरी रात्री झोप लागेल का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पहिलं जमणार नाही बाबा. दुसरं जमवता येईल." त्यानं बढती घेतली. रविवार मात्र नातीसाठी राखून ठेवायचा, हे साहेबांना आधी सांगून.

अवधूतांनी अजगरालाही गुरू केलं. न मागता पुढ्यात येईल ते तो घेतो. म्हणजे घेणंही साधना होऊ शकतं आणि टाकणंही. आपण नेमकं का घेतो, का टाकतो, एवढं मात्र स्वतःपाशी खरं सांगावं लागतं.

माझी वारी अजून चालू आहे. या दत्तजयंतीला वाडीत पादुकांपुढे उभा राहून एवढंच सांगणार आहे, "महाराज, तेव्हा तुमचं नाव पुढे केलं. कारण माझं होतं."