पाच सांधे पडेपर्यंत

पाऊस ओसरू लागला की कोकणात आंब्या-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते. माळ्यावर, पडवीत ठेवलेले ग्रास कटर बाहेर निघतात आणि त्यातले बरेच चालू व्हायचं नाव घेत नाहीत. झाडं तोडायच्या चेनसॉचीही तीच कथा. मिस्त्री कार्बोरेटर खोलतो तेव्हा कारण समोर येतं. गेल्या हंगामात टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, त्याचा पिवळसर चिकट थर जेटमध्ये बसलेला असतो आणि डायफ्रॅमचा पातळ रबरी पडदा वाळून ताठ झालेला असतो. मग आकडा सांगितला जातो. ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा एक ठोकताळा तयार असतो: दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेला, तर नवीनच घ्यावं. हा ठोकताळा व्यवहारी वाटतो, आणि पुष्कळदा त्याचं उत्तर बरोबरही निघतं. तरीही माझं म्हणणं असं की तो विचारतो तो प्रश्नच अपुरा आहे. वस्तू टाकावी की सांधावी, हा पैशाच्या आधी आचरणाचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या धर्मपरंपरांनी त्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे, इतका की तो आजच्या मिस्त्रीच्या टेबलावरही लागू पडतो.

बौद्ध भिक्खूंच्या प्रातिमोक्षात, म्हणजे त्यांच्या नियमसंग्रहात, भिक्षापात्राविषयी एक नियम आहे. पात्राला पाचापेक्षा कमी सांधे असतील, तर भिक्खूने नवं पात्र मिळवू नये; मिळवलं तर ते संघाकडे सोडून द्यावं. सांधा केव्हा धरायचा तेही ठरवून दिलं आहे: भेग निदान दोन बोटं लांब असली पाहिजे. म्हणजे टवका उडाला, रंग गेला, कंटाळा आला, ही कारणं चालत नाहीत. नवं पात्र सोडून दिलेल्या भिक्खूच्या हाती शेवटी काय येतं? ते पात्र संघात एकेकाला विचारत फिरवलं जातं, ज्याला हवं तो आपलं देऊन ते घेतो, आणि सगळ्यांत शेवटी उरलेलं पात्र या भिक्खूला मिळतं. ते फुटेपर्यंत वापरायचं. नियमामागे विनयपिटकात जी हकिगत दिली आहे ती मला नियमापेक्षाही महत्त्वाची वाटते. कपिलवस्तूच्या एका कुंभाराने भिक्खूंना सांगितलं, पात्र लागेल त्याने मागावं. भिक्खू मागत सुटले. लहान असलेल्यांना मोठं हवं, मोठं असलेल्यांना लहान. त्यांची पात्रं घडवण्यात कुंभाराला विकायचा माल घडवायला वेळ उरेना, आणि त्याची बायकामुलं हालात पडली. नियम झाला तो त्यामुळे. यात मातीची किंवा लोखंडाची किंमत कुठेच नाही. घेणाऱ्याला ती वस्तू फुकटच मिळत होती, म्हणजे परवडण्याचा सवालच नव्हता. नियम दोन गोष्टी पाहतो: पात्र अजून काम देतं का, आणि आपण नवं घेतलं तर त्याचा भार कोणावर पडतो.

निम्म्या किमतीच्या ठोकताळ्यात या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. चेनसॉचंच उदाहरण घ्या. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण पुरवतं. पन्नासास एक असं प्रमाण सांगितलं असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर. एवढं घालायला कोणी विसरला की थोड्याच वेळात पिस्टन धरतो. आता अशी दोन यंत्रं मिस्त्रीसमोर आहेत असं समजा, आणि दोन्हींच्या खर्चाचा अंदाज सारखाच आहे. पहिल्यात पिस्टनचं अॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलंय, पण भिंतीवरचा कठीण मुलामा शाबूत आहे. ते साफ करून नवा पिस्टन आणि रिंग टाकली की यंत्र पुन्हा अनेक हंगाम काढेल. दुसऱ्यात मुलामा खरवडून गेलाय, क्रँकच्या बेअरिंगला खेळ आलाय आणि चेन ब्रेक धरत नाही. पहिल्यावरचा खर्च योग्य, दुसऱ्यावरचा व्यर्थ, आणि ब्रेक तसाच ठेवून ते चालवणं तर जिवाशी खेळणं. करवत उसळून मागे आली तर सावरायला क्षणाचाही अवधी नसतो. बिलावरचा आकडा मात्र दोन्हीकडे एकच. तेव्हा खर्चाला किमतीने भागण्याआधी यंत्र खोलून पाहिलं पाहिजे. कार्बोरेटर, डायफ्रॅम, प्लग, स्टार्टरची दोरी, फिल्टर हे सगळे सांधे आहेत. त्यांच्यासाठी यंत्र टाकणं म्हणजे भेग पडण्याआधीच पात्र बदलणं.

यावर पहिला आक्षेप अध्यात्माच्या बाजूनेच येईल. जुन्या वस्तूला धरून बसणं ही आसक्ती नाही का? अपरिग्रहाचा उपदेश करणारी परंपरा भंगार जपायला कशी सांगेल? आक्षेप खरा आहे, पण तो दोन्ही बाजूंनी लागू होतो. नव्याचा हव्यास आणि जुन्याचा हट्ट यांत वस्तू 'माझी' म्हणून पाहिली जाते, तिचं काम पाहिलं जात नाही. विनयपिटकाच्याच चुल्लवग्ग या भागात उदेन राजा आणि बुद्धाचा शिष्य आनंद यांचा संवाद आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला वाटलं, हा भिक्खू दुकान मांडणार की काय. इतक्या वस्त्रांचं कराल काय, असं त्याने विचारलं. ज्यांची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, विरली आहेत त्यांना वाटीन, आनंद म्हणाला. आणि जुनी चीवरं? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांची गादीची खोळ, खोळीचं जमिनीवरचं अंथरूण, त्याचं पायपुसणं, त्याचा झाडणीचा फडका, आणि फडक्याचा चुरा चिखलात कालवून जमीन लिंपायला. या माणसाला पाचशे वस्त्रांचा मोह नाही आणि एका चिंधीचाही अनादर नाही. शिवाय तो पायपुसण्याचं पुन्हा चीवर करायला जात नाही. दुसऱ्या यंत्राचा सिलिंडर गेला असेल, पण त्याचा कार्बोरेटर, क्लच, टाकी, दोरीची पुली दुसऱ्या पाच यंत्रांना जगवू शकतात. ते मिस्त्रीला देऊन टाकणं हाही दुरुस्तीचाच भाग.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. भिक्खूला घरदार नसतं, मजूर ताटकळत बसलेले नसतात. बेणणीच्या ऐन दिवसांत यंत्र पंधरा दिवस दुकानात अडकलं तर बागायतदाराचं नुकसान दुरुस्तीच्या बिलाच्या कितीतरी पट होतं. त्याला कुंभाराची गोष्ट सांगणं निष्ठुरपणाचं ठरेल. मला हे मान्य आहे: हंगाम हातचा जात असेल तर नवं यंत्र घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पण हा आक्षेप वेळेविषयी आहे, वस्तूविषयी नाही. जुनं यंत्र हंगाम संपल्यावर दुरुस्त होऊ शकतं, आणि घरात उभ्या असलेल्या चालू चेनसॉची किंमत कोणत्याही बिलावर लिहिलेली नसते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि पडलेल्या झाडांनी रस्ते अडले. अशा दिवशी गावातली एक चालू करवत साऱ्या वाडीची वाट मोकळी करते.

धुराचा मुद्दाही टाळता येणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एग्झॉस्टमधून बाहेर जातो. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान इंजिनांच्या नव्या विक्रीवर २०२४ पासून बंधनं आणली. पण आधीची यंत्रं वापरायला बंदी घातली नाही, आणि ते शहाणपणाचं होतं. जुनं विकून बॅटरीचं घेतलं, तर धूर फक्त गाव बदलतो. ज्याचं काम थोडं आहे त्याने पुढच्या वेळी बॅटरीचं यंत्र घ्यावं. आजचं नीट जुळवून, ऑइलचं प्रमाण पाळून चालवावं.

सगळ्यांत तीक्ष्ण आक्षेप जैन विचारातला आहे. श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, वर्ज्य मानलेल्या पंधरा व्यवसायांत, म्हणजे कर्मादानांत, वनकर्म म्हणजे वृक्षतोडीचा धंदा आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांत, म्हणजे त्या व्रतातल्या दोषांत, संयुक्ताधिकरण येतं: नांगराला फाळ, उखळाला मुसळ, धनुष्याला बाण असं हिंसेचं साधन जोडून सज्ज ठेवणं हाच दोष. सुट्या भागांनी कोणी इजा करू शकत नाही. जुळलेल्याने करू शकतो. या दृष्टीने बंद पडलेली करवत जोडून देणारा मिस्त्रीच दोषी ठरेल. मला हा आक्षेप खोडून काढायचा नाही, कारण तो मूळ मुद्द्याला आणखी धार देतो. हे व्रत निषिद्ध करतं ते निष्प्रयोजन हिंसेला. म्हणजे साधन सज्ज करण्याआधी विचारायचं की ते कशासाठी. वादळात घरावर कललेलं झाड उतरवायला, रोगट फांदी छाटायला, की देवराईचं जंगल चोरून तोडायला? शेवटच्या कामासाठी दुरुस्ती शंभर रुपयांत होत असली तरी ती महाग आहे, आणि मिस्त्रीने ती नाकारली तर मी त्याच्या बाजूने उभं राहीन.

मात्र सांधा घालण्याचं कर्तव्य वापरणाऱ्यावर टाकताना सांधा घालता येणं शक्य असलं पाहिजे. डायफ्रॅमचा संच मिळत नाही म्हणून अख्खा कार्बोरेटर बदलावा लागतो, कार्बोरेटर मिळत नाही म्हणून यंत्र. तिथे अधर्म मालकाचा नसतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारंही घेतली. डिसेंबरमध्ये त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. पुस्तिका, सुटे भाग आणि त्यांच्या किमती उघड करणं ही त्यातली मुख्य अपेक्षा आहे. ती तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचायची तर विकत घेणाऱ्यानेही नवं यंत्र घेतानाच विचारायला हवं की याचा डायफ्रॅम, रिंग, क्लच पाच वर्षांनी कुठे मिळेल. विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल, तर ते यंत्र निम्म्या किमतीतही घेऊ नये.