साखरेच्या गोळीचा धर्म

हृदयविकाराचा झटका येऊन गेला की मेलेल्या स्नायूकडे पांढऱ्या पेशी धाव घेतात. त्यांच्यामुळे होणारा दाह मृत पेशी साफ करतो, जखम भरायला घेतो. तो लांबला तर मात्र हृदयातल्या मज्जातंतूंनाही झळ पोचते. कुठे ते मरतात, कुठे नको तितके दाट फुटतात आणि ठोक्यांची लय धोक्यात येते. दाह शमवणाऱ्या औषधाने हे तंतू वाचतील का? हे तपासायचं तर निम्म्या रुग्णांना औषध द्यायचं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची गोळी. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला असं जाणूनबुजून औषधाविना ठेवणं हा अधर्म नव्हे का?

उत्तर आधीच ठाऊक असेल, तर नक्कीच अधर्म.

पण ते ठाऊक असल्याची खात्री किती घातक ठरते, हे अमेरिकेत दिसलं. झटक्यानंतरचे अवांतर ठोके दाबायला तिथले डॉक्टर एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही औषधं देत. ठोके खरोखर कमी होत. ‘कास्ट’ चाचणीत मात्र औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले. साखरेच्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६.

दाहशामक औषधांचा निकाल अजून लागलेला नाही. गाउटवरचं जुनं कोल्चिसिन घ्या. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही ते असतं. २०१९च्या ‘कोल्कॉट’ चाचणीत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा घटनांचं एकत्रित प्रमाण त्याने ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आणलं. २०२४ साली ७,०६२ रुग्णांवरच्या ‘क्लिअर सिनर्जी’त फायदा दिसला नाही. शिवाय पेशीतल्या ज्या सूक्ष्मनलिकांवरून मज्जातंतू आपला माल वाहून नेतात, त्यांनाच हे औषध चिकटतं. मात्रा जास्त झाली किंवा मूत्रपिंड अधू असलं, तर ते मज्जातंतूंनाच इजा करू शकतं.

अशा अनिश्चिततेला भारतीय तर्कशास्त्रात जागा आहे: न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशय तिसरा आहे. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार अगदीच अज्ञात किंवा पक्क्या ठरलेल्या गोष्टीत न्याय, म्हणजे तर्काने केलेला तपास, प्रवृत्त होत नाही. तो संशयित गोष्टीत होतो. साखरेच्या गोळीला नैतिक आधार असलाच तर तो इथे आहे.

तरीही संशय डॉक्टरांचा आणि जोखीम रुग्णाची, ही विषमता उरतेच. अतिदक्षता विभागात घाबरलेला माणूस दाखवाल तिथे सही करतो; ती संमती अपुरी आहे. ‘आम्हाला खरंच माहीत नाही’ हे त्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं, वेदना ओसरल्यावर पुन्हा विचारायला हवं, आणि चाचणी संपल्यावर त्याच्या वाट्याला कोणती गोळी आली होती, तेही कळवायला हवं.