निवडीची नीती

इंदुराहून चारसहा कुटुंबे मिळून नाटके पाहण्यासाठी मुंबईस निघतात, तेव्हा हाती बहुधा दोनच संध्याकाळी असतात. बरोबर वडीलधारी माणसे, नवी जोडपी व शाळकरी मुले असतात. अशा वेळी तिकिटे काढणारा मनुष्य केवळ स्वतःची हौस पुरवीत नाही. इतरांनी कशावर हसावे आणि कशासाठी डोळे पुसावेत, हे तो त्यांच्या वतीने ठरवीत असतो. म्हणून ही निवड जितकी अभिरुचीची तितकीच नीतीची आहे, असे आम्ही मानतो.

इंग्रजी रंगभूमीवरून मराठीत आलेल्या नाटकांविषयी पहिला आक्षेप परकेपणाचा असतो. तो फार वेळ टिकत नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी 'संशयकल्लोळ' (१९१६) ज्या आर्थर मर्फीच्या नाटकावरून रचले, त्याचे मूळ फ्रान्समध्ये मोलिएरपाशी सापडते; त्यांच्या 'झुंजारराव'चे (१८९०) मूळ जे शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो', त्याची कथा इटलीतली. आणि नाटकाला गावाची वेस ती कोणती? गोव्याच्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर १९१८ साली स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीतून गाजले, आणि त्यांची कन्या लता १९२९ साली या आमच्या इंदुरात जन्मली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देवदर्शन करून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने पत्नीच्या हत्येचे नाटक का पाहावे? त्यापेक्षा विनोदी नाटक निर्धोक नव्हे काय? आपल्या प्राचीन नाट्यशास्त्रानेही रंगमंचावर वध दाखवू नये, असा संकेत घालून दिला. त्या संयमाचा आम्हांस आदर आहे. तरीही भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो, हे विसरता येत नाही.

मुळात विनोद निर्धोक असतो, हे गृहीतच तपासले पाहिजे. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका' शेक्सपिअरच्या एका हास्यप्रधान नाटकावरून आली. तेथे तोंडाळ स्त्रीला नवरा वठणीवर आणतो आणि प्रेक्षागृह खदखदून हसते. नाटक ते नाटक, असे म्हणणाऱ्यांना आम्ही इतकेच विचारतो की, त्या हास्यात शेजारी बसलेली सून कितपत सामील असते? उपाशी ठेवून नमविलेल्या माणसावर हसण्याची सवय नाट्यगृहातच राहते, असे नाही. ती घरीही येते. उलट 'झुंजारराव'मध्ये कमळजेचा बळी जातो, पण तो प्रेक्षकाला एक क्षणही गंमतीचा वाटत नाही. अपराध दाखविणे वेगळे आणि अपराधाची चटक लावणे वेगळे.

देवलांच्या या दोन नाटकांचा विषय एकच आहे: संशय. 'संशयकल्लोळा'त एका तसबिरीवरून फाल्गुनराव व कृत्तिका एकमेकांवर तुटून पडतात, आणि उलगडा होताच सारे हसतात. 'झुंजारराव'मध्ये एका हातरुमालावरून संसाराची राखरांगोळी होते. दोन्ही नवऱ्यांपाशी पुरावा सारखाच पोकळ आहे. पहिले नाटक सांगते की संशयी मनुष्य हास्यास्पद असतो. दुसरे सांगते की त्याला वेळीच कोणी हसले नाही, तर तो काय करून बसतो.

तेव्हा नाटक निवडताना कीर्ती अथवा मूळ भाषा यांआधी एक गोष्ट पाहावी: ज्याच्यावर अन्याय होतो, त्याच्या बाजूला ते आपणांस नेऊन बसविते की अन्याय करणाराच्या? ही दोन नाटके लागलेली असतील, तर मुलांना घेऊन पहिल्या संध्याकाळी 'संशयकल्लोळ' पाहावे, आणि दुसऱ्या संध्याकाळी मोठ्यांनी 'झुंजारराव'. 'त्राटिका'वर आम्ही बंदी सांगत नाही. ती पाहावयाची झाल्यास परतीच्या गाडीत तिच्याविषयी बोलावे, आणि आधी घरातल्या स्त्रियांना बोलू द्यावे.